टोपलीतली लाकडी फळं

आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये, वरून दुसऱ्या कप्प्यात, एक वेताची टोपली आहे. तिच्यात दोन आंबे, एक सफरचंद, दोन चिकू, एक सीताफळ, एक लिंबू आणि एक केळं, अशी आठ फळं आहेत. सगळी लाकडाची. चौतीस-पस्तीस वर्षं झाली, पण एकही सडलेलं नाही. केळ्याच्या टोकाचा रंग थोडा उडाला आहे, तोही एका पाहुण्याच्या कृपेनं. सौ.चे एक मामा जेवणानंतर सहज हात घालून चिकू दाबून बघत होते. पिकलाय की नाही याचा अंदाज घेऊन त्यांनी तो परत ठेवला आणि केळं उचललं. पुढचं सांगत नाही. मामा आता हयात नाहीत, पण त्यांच्या कवळीची आठवण त्या केळ्यावर आहे.

ही टोपली मला 1991 साली मिळाली. तेव्हा मी सावंतवाडीला एका बँकेत फील्ड ऑफिसर होतो. तीन वर्षं काढली आणि बदलीची ऑर्डर आली. निरोप समारंभ झाला. नारळ, शाल, दोन भाषणं, त्यातलं एक खरं वाटणारं. आणि ही टोपली. त्या काळी सावंतवाडीहून बदलून जाणाऱ्या प्रत्येक सरकारी आणि निमसरकारी माणसाला ही टोपली मिळत असे. महाराष्ट्रभर पसरलेल्या तहसीलदार, हेडमास्तर, पोस्टमास्तर आणि बँकवाल्यांच्या शोकेसेस उघडून पाहिल्या तर कितीतरी घरांत ती सापडेल. शेजारी एखादी काचेची बाहुली आणि कुणीतरी परदेशातून आणलेली रिकामी अत्तराची बाटली.

गेल्या वर्षी आमच्या नातीनं ती टोपली खाली काढली. वय वर्षं आठ. तिनं सगळी फळं जमिनीवर मांडली, मोजली, आंबा हातात घेऊन गोल फिरवला आणि विचारलं, ‘‘आजोबा, हे कुणी केलं?’’

‘‘सावंतवाडीला करतात.’’

‘‘हो, पण कुणी?’’

मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देताना मोठी माणसं गावाचं नाव सांगून सुटका करून घेतात. साडी पैठणची, चपला कोल्हापूरच्या, फळं सावंतवाडीची. जणू गावंच्या गावं हातात कानस घेऊन बसलेली असतात. मी तीन वर्षं त्या गावात कर्जाचे अर्ज तपासत हिंडलो, चितार आळीतली बहुतेक घरं मला ठाऊक होती, तरी मला त्या आंब्याचा कर्ता सांगता येईना. आणि सांगता येईना यापेक्षाही एक वाईट गोष्ट मला त्याच क्षणी आठवली. तिच्याकडे मी पुढे येतोच.

तर या हिवाळ्यात आम्ही सावंतवाडीला गेलो, मी, सौ. आणि नात. माझ्या वेळी मुंबईहून एस.टी.ची रातराणी असे आणि घाटाघाटांतून पाठीचा हिशेब चुकता होई. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून तो त्रास संपला, फक्त ‘सावंतवाडी रोड’ या नावातला ‘रोड’ जरा गंभीरपणे घ्यायचा. स्टेशन गावाबाहेर आहे. रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्यानं विचारलं, ‘‘राजवाडो बघूक की आंबोलीक?’’ आंबोली हे उत्तर नसल्याचं कळल्यावर तो किंचित निराश झाला.

सावंतवाडीचं जुनं नाव सुंदरवाडी. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं अतिशयोक्ती केलेली नाही. गावाच्या मधोमध मोती तलाव, एका अंगाला राजवाडा, मागे नरेंद्राचा डोंगर, आणि तलावाला वळसा घालून जाणारा रस्ता. संध्याकाळी सगळं गाव या रस्त्यावर येतं. महाराष्ट्रात तलाव पुष्कळ आहेत, पण बहुतेक गावांनी त्यांच्याकडे पाठ फिरवून घरं बांधली आहेत. या गावानं तोंड केलं आहे. मी इथे होतो तेव्हा वसुलीचा दिवस वाईट गेला की या काठावर येऊन बसत असे. आता तिथे बसायला जागा जास्त आहेत आणि दिवे फारच जास्त आहेत. असोत.

राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जांभ्या दगडाचा, कौलारू. राजस्थानच्या राजवाड्यांची चित्रं डोक्यात घेऊन येणारे पर्यटक इथे आल्यावर ‘एवढाच?’ असं म्हणतात. मला तो त्याच्या मापामुळेच आवडतो. सावंतवाडीचं संस्थान लहान होतं. पोर्तुगीजांशी, कोल्हापूरकरांशी आणि पुढे इंग्रजांशी झगडत, जुळवून घेत ते टिकलं, आणि 1948 मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. ऐपतीबाहेर बांधलेल्या वास्तू पाहिल्या की माझ्यातला बँकवाला अस्वस्थ होतो. इथे तो शांत असतो.

आत दरबार हॉल आहे. भिंतीवर तसबिरी, शिकारीच्या खुणा, सिंहासन. हे कुठल्याही राजवाड्यात असतं. पण या दरबार हॉलमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी मी दुसऱ्या कुठल्या दरबारात पाहिलेली नाही. तिथे माणसं काम करत बसलेली असतात. बैठी डेस्कं, रंगाच्या वाट्या, अगदी बारीक कुंचले, आणि समोर रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोडी मोठी गोल पानं. गंजिफा.

वाचकांपैकी अनेकांनी ही गोल पानं फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगलेली पाहिली असतील. ते मुळात पत्ते आहेत, हे ठाऊक असणारे कमी. आपल्या पत्त्यांत इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असे चार. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा. प्रत्येकात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. दहा बाराणं एकशेवीस. मत्स्याच्या पानांवर मासे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. याहून आधीचा मोगली गंजिफा शहाण्णव पानांचा, आठ जातींचा. तो इराणी वाटेनं हिंदुस्थानात आला आणि इथल्या माणसांनी त्यात आपले देव बसवले. सावंतवाडीत तो तेलंगणातून आलेल्या विद्वानांबरोबर आला असं सांगतात. विद्वान दरबारात शास्त्रचर्चेला आले होते. चर्चेतलं काय उरलं कोण जाणे, पण त्यांचे पत्ते उरले.

इथल्या चितारी मंडळींनी ते करायला घेतले. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे, वर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, घोटायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि वरून लाखेचा लेप. एकशेवीस वेळा. गेल्या शतकाच्या मध्यावर हे जवळजवळ संपलं होतं. छापील पत्ते आले होते, संस्थान गेलं होतं, आणि खेळणारी माणसं वारत चालली होती. पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर तेवढे ही कला जाणणारे उरले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या राजदांपत्यानं त्यांच्याकडून ती शिकून घेतली, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कारखाना सुरू केला. शिकून घेतली या शब्दांकडे लक्ष द्यावं. आश्रय दिला, अनुदान दिलं, उद्घाटन केलं, असं नव्हे. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन बसत. मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं आहे. कसल्याशा प्रदर्शनाच्या कामासाठी आमच्या मॅनेजरसाहेबांबरोबर गेलो होतो; त्यांनी एक मिनिट थांबा अशी खूण केली, हातातली रेघ पूर्ण केली आणि मग मान वर केली. आमच्या मॅनेजरसाहेबांना थांबायची सवय नव्हती, पण ते थांबले. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, सत्त्वशीलादेवी 2018 मध्ये. काम चालू आहे.

राजवाड्याच्या एका भागात अलीकडे पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत, दशावतारांच्या कल्पनेवर सजवलेल्या. यावर नाक मुरडणारे मला गावात भेटले. ‘‘वाड्याचं हॉटेल केलं.’’ मी त्यांना विचारलं, कोकणातल्या पावसात या वाड्याची कौलं दरवर्षी कोण शाकारतं? विलीनीकरण झालं, 1971 मध्ये तनखेही गेले. जांभा आणि लाकूड यांना इतिहासाचा अभिमान कळत नाही, त्यांना ओल कळते. जुनी वास्तू बंद ठेवून पवित्र राखायची आणि दहा वर्षांनी वटवाघळांच्या ताब्यात द्यायची, यापेक्षा चार पाहुण्यांनी तिथे रात्री झोपावं आणि सकाळी बिल भरावं हे मला बरं वाटतं. हे माझं मत आहे; चुकीचं असेल तर ज्यांच्या गावात एखादा पडका वाडा आहे त्यांनी आधी तो पाहून यावा.

आता दुकानांकडे येऊ. भेटवस्तूंची दुकानं या प्रकाराकडे मी पूर्वी तुच्छतेनं बघत असे. लेखकांना ती एक सवयच असते. आता बघत नाही. या सहलीत आम्ही दोन दिवस बहुतेक दुकानंच पाहिली. नातीला राजे कंटाळवाणे वाटतात, दुकानं नाही, आणि तिचं बरोबर आहे. गाव आपल्याबद्दल काय विचार करतं ते संग्रहालयात कळत नाही, ते दुकानात कळतं. पाहुण्यानं जाताना आपलं काय घेऊन जावं असं त्याला वाटतं, ते तिथे मांडलेलं असतं.

पहिल्या दुकानात आम्हाला जे मांडलेलं दिसलं त्यानं मी जरा खचलो. फ्रिजवर चिकटवायची चुंबकं, त्यांवर गावाचं नाव. किल्ल्यांच्या जुडग्यांसाठी प्लास्टिकचे नारळ. शिंपल्यांचे गणपती. फायबरचे मावळे. नाव तेवढं पुसून दुसरं घातलं तर हे दुकान महाबळेश्वरला, शिर्डीला किंवा उटीला जसंच्या तसं उचलून ठेवता येईल. एका कोपऱ्यात लाकडी खेळणी होती. हातात घेतल्यावर कळलं, ती या गावची नव्हेत. सौ.नं विचारलं, तेव्हा दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला, ‘‘वहिनी, ती बाहेरची. स्वस्त पडतात. इथली हवी असतील तर चितार आळीत जा.’’ स्वतःच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याकडे पाठवणारा दुकानदार कोकणातच भेटतो. त्याच्यावर राग कसा धरायचा? गिऱ्हाईक दोनशे रुपयांत दहा जणांसाठी ‘काहीतरी’ मागतं. ऑफिसातल्या दहा जणांना काहीतरी न्यायलाच हवं. आणि दोनशे रुपयांत दहा माणसांचं समाधान करणारी वस्तू हातानं करता येत नाही, हे साधं गणित आहे. ती यंत्रच करतं, आणि जिथे यंत्र असेल तिथून ती येते.

चितार आळी बाजारापासून फार लांब नाही. आळीत शिरलं की पूर्वी आवाज येई. चरकाचा घरघराट, आणि त्यावर लाख लावताना येणारा एक विशिष्ट वास. आवाज आता कमी झाला आहे. दुकानं मात्र छान मांडलेली आहेत. लग्नाचे रंगीत पाट आणि चौरंग, भातुकली, बैलगाड्या, लाटणी, पोळपाट, आणि फळं. फळांच्या राशी. भोपळी मिरची, मुळा, वांगी, कणीस असं नवं पीकही आलं आहे. नात वेडी झाली. तिनं प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारला: हे कुणी केलं? काहींनी ‘आमच्याकडे करतात’ म्हटलं. एकानं मागच्या पडवीत नेऊन दाखवलं.

तिथे मला ते घर दिसलं. म्हणजे घर दिसलं असं नव्हे, ओसरी दिसली आणि मी ओळखली.

1989 सालची गोष्ट. एका चिताऱ्यानं अर्ज केला होता. नाव लिहीत नाही. पायानं आणि हातानं चालवायचा चरक होता, त्याला मोटर बसवायची होती, आणि पावसाळ्याआधी लाकूड भरून ठेवायचं होतं, म्हणजे दिवाळी आणि मे महिन्याच्या हंगामासाठी माल तयार राहील. रक्कम बारा हजार. मी पाहणीला गेलो. याच ओसरीवर बसलो, कोकम सरबत घेतलं. त्यांनी माझ्यासमोर पांगाऱ्याचा एक ठोकळा चरकावर धरला, आणि मी सरबत संपवेपर्यंत त्याचा आंबा झाला. मग मी बॅगेतून फॉर्म काढला आणि विचारलं, ‘‘मालाच्या पक्क्या ऑर्डरी आहेत का?’’ नव्हत्या. कुठून असणार? ‘‘हिशेबाच्या वह्या?’’ एक वही होती, तिच्यात उधारी आणि मुलांचा अभ्यास एकत्र होता. मी अहवालात लिहिलं: मागणी हंगामी व अनिश्चित; परतफेडीची क्षमता शंकास्पद. हे वाक्य मला आजही पाठ आहे, कारण त्याच महिन्यात मी ते आणखी तीन अर्जांवर लिहिलं होतं. वरून दट्ट्या थकबाकीचा होता. म्हशींसाठी दिलेली कर्जं बुडत होती. ज्या म्हशी कागदावर दूध देत त्या गोठ्यात नसत. त्या म्हशींचा राग मी चिताऱ्यांवर काढला असं आता म्हणता येतं. नियमांनी माझे हात बांधलेले होते असंही म्हणता येतं, आणि मी ते अनेक वर्षं म्हटलं. पण ते पूर्ण खरं नाही. मनात असतं तर मी त्याच अहवालात दुसरं वाक्य लिहू शकलो असतो. मंजूर करणारे माझंच वाक्य वाचून सही करत.

ते गृहस्थ पुढे वर्षभरात गोव्याला एका हॉटेलात सुतारकामाला लागले, असं मला माझी बदली होण्याआधीच कळलं होतं. आणि मग निरोपाला मला ही फळांची टोपली मिळाली.

ओसरीवर आता चाळिशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. चरकाला मोटर होती. ‘‘येवा, बसा,’’ म्हणाला. माझ्याकडे दोन-तीनदा बघून त्यानं विचारलं, ‘‘तुमी ब्यांकेत होतास मां?’’ मी हो म्हटलं. वडील गेले, हे त्यानंच सांगितलं. मी अर्जाचा विषय काढला. काढायला नको होता, पण माझं वय असं आहे की आता न काढलेले विषय रात्री जागवतात. तो हसला. ‘‘तां जावंदे, सायब. जुना झाला.’’ त्याला तो अर्ज आठवत होता की नव्हता, मला समजलं नाही. गोव्याहून वडील परत आले होते, त्यांच्या हाताखाली तो शिकला, मोटर पुढे त्यानं स्वतःच्या पैशानं घेतली, एवढं समजलं. मी मनातल्या मनात बारा हजारांवर त्या वर्षांचं व्याज मांडत होतो. सवय.

मग नातीनं आपल्या प्रश्नाला हात घातला. आईच्या मोबाईलवर फोटो पाठवून घेतला, घरच्या टोपलीचा, आणि त्याच्या नाकासमोर धरला. ‘‘काका, हे तुमच्या बाबांनी केलंय?’’

मी कादंबऱ्या लिहितो. हा प्रसंग मी लिहीत असतो तर उत्तर होकारार्थी आलं असतं, आणि पुढची दोन पानं मला सोपी गेली असती. त्यानं फोटो मोठा करून आंब्याचा देठ पाहिला आणि मान हलवली. ‘‘ह्यां आमचा काम न्हय. आमचो आंबो असो नसता. देठ बघ.’’ मग त्यानं शेल्फावरचा एक आंबा काढून तिला देठाची बसवण दाखवली. फोटोतला आंबा आळीच्या वरच्या अंगाच्या घरचा असावा असं त्याला वाटत होतं. पण त्या घरचे आता हे काम करत नाहीत, मुलं बाहेरगावी असतात. सीताफळ तिसऱ्याच कुणाचं. म्हणजे आमची टोपली दोन-तीन घरांची मिळून होती. ज्याच्याकडे निरोपाची ऑर्डर गेली त्यानं इकडून तिकडून फळं गोळा करून ती भरली होती.

देठावरून माणूस ओळखता येतो, हे मला तीन वर्षं त्या गावात राहून ठाऊक नव्हतं.

2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला आणि लाकडी कामाला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट आहे. दुसरीकडे केलेला माल या नावावर खपवायला त्यानं कायद्याची अडचण होते. पण मानांकन गावाला मिळतं. ते नातीच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की फळाच्या बुडाशी करणाऱ्याचं नाव असावं. लाकडावर नाव कोरायला फार वेळ लागत नाही; चार अक्षरं, आणि सालाचा आकडा. चित्राखाली चित्रकार सही करतो, कादंबरीवर माझं नाव छापतात, आणि तिच्यात माझ्या आंब्याइतकी सफाई क्वचितच असते. मग चिताऱ्याला सही का नको? दुकानदारांचा आक्षेप मला माहीत आहे: नाव घातलं की गिऱ्हाईक पुढच्या वेळी थेट त्याच्या घरी जाईल. जाईल. जावं. घाऊक व्यापाऱ्याचा नफा कमी होईल, पण बुडणार नाही, कारण दहा जणांना ‘काहीतरी’ नेणारं गिऱ्हाईक कुठेही जात नाही.

हे मी त्या चिताऱ्याला बोलून दाखवलं. त्याला ते पटलं असं म्हणता येणार नाही. त्याची अडचण वेगळी होती. ‘‘पांगारो आता खंय गावता?’’ पांगाऱ्याचं लाकूड हलकं, मऊ, चरकाला सोयीचं. ते मिळणं कठीण झालं आहे, मग आंबा किंवा मिळेल ते लाकूड वापरायचं. शिवाय मुलगा कॉम्प्युटर शिकतो आहे. ‘‘त्येका मी अडवलंय नाय,’’ म्हणाला. मीही काही बोललो नाही. माझ्या मुलानं बँकेत यावं असं मला कधी वाटलं होतं?

घासाघिशीबद्दल एक सांगायला हवं. आमच्या समोरच एका सुखवस्तू कुटुंबानं गंजिफाच्या संचाची किंमत विचारली आणि ‘पत्त्यांना एवढे?’ म्हणून हात झटकला. मी जन्मभर भागाकार केले आहेत, म्हणून आणखी एक करतो. समजा, एका पानाला अर्धा तास. हे मी फार कमी धरतो आहे, कारण राजा आणि प्रधान अर्ध्या तासात होत नाहीत. एकशेवीस पानांचे साठ तास. दिवसाला आठ तास मान मोडून काम केलं तर साडेसात दिवस. त्यात खळ, घोटाई, वाळवण, लाख आणि चित्र काढलेली लाकडी पेटी धरलेली नाही. आता आपल्या घरी रंगकाम करायला येणाऱ्या माणसाचा एका दिवसाचा दर काय आहे तो आठवा, साडेसातांनी गुणा, आणि मग पेटीवरची किंमत पुन्हा वाचा. ज्यांना परवडत नाही त्यांनी घेऊ नये, त्यात काही कमीपणा नाही. मलाही हा संच घ्यायला निवृत्तीपर्यंत थांबावं लागलं. पण न परवडणं वेगळं आणि ‘एवढे?’ म्हणणं वेगळं.

संच मी घेतला. सौ.नं ‘‘अहो, एवढा खर्च करताय, भिंतीवर लावायला जागा तरी आहे का?’’ असं विचारलं. इथेच माझी दुसरी तक्रार आहे. गंजिफा वाचला, पण भेटवस्तू म्हणून वाचला. तो फ्रेममध्ये जातो, काचेच्या टेबलाखाली जातो, लग्नपत्रिकेवर जातो. खेळात जात नाही. भेटवस्तूंच्या दुकानानं त्याला जिवंत ठेवलं हे खरं, आणि दुकान नसतं तर पुंडलिक चिताऱ्यांबरोबरच तो संपला असता हेही खरं. त्यामुळे मी दुकानाला नावं ठेवणार नाही. पण जी वस्तू फक्त बघण्यासाठी उरते तिचं एकच गिऱ्हाईक असतं आणि ते एकदाच येतं. खेळणाऱ्याची पानं झिजतात, हरवतात, त्याला दुसरा संच लागतो. जुन्या काळी चिताऱ्यांचं पोट त्या झिजेवर चालत होतं. संचाबरोबर मराठीत दोन पानांचे नियम द्यावेत, साध्या कागदावर छापलेला, मुलांना परवडेल असा एक संच शेजारी ठेवावा, आणि सावंतवाडीच्या शाळांतून दर दिवाळीच्या सुट्टीत एक डाव व्हावा, एवढंच माझं मागणं आहे. मल्लखांब, सूरपारंब्या आणि विटीदांडू यांच्याबद्दल आपण नुसते उसासे टाकतो. इथे निदान साहित्य तयार आहे.

नियम मला आले कुठून? राजवाड्यात काम करणाऱ्या एका मुलीनं सांगितले. तिलाही ते सांगून-सांगून पाठ झाले होते, खेळून नव्हे. हुकूम नाही. तीन भिडू. एकशेवीस भागिले तीन, चाळीस पानं प्रत्येकाला. चाळीस गोल पानं एका हातात धरून पाहा. चौकोनी पत्त्यांचा पंखा होतो, या पानांचा चिवडा होतो. अर्ध्या अवतारांत राजा-प्रधानानंतर दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान. उरलेल्या अर्ध्यांत उलटं, तिथे एक्का मोठा आणि दश्शी कनिष्ठ. हे लक्षात ठेवायला ज्या प्रकारची बुद्धी लागते ती आठ वर्षांच्या मुलीत भरपूर असते आणि निवृत्त बँक अधिकाऱ्यात अजिबात नसते.

आम्ही लॉजच्या व्हरांड्यात चटई घातली. समोर तलावाचा एक कोपरा दिसत होता. पानं वाटता वाटता अर्धा तास गेला. सौ.ची कूर्माची पानं सारखी घसरून मांडीखाली जात होती आणि ती नातीची नजर चुकवून माझ्या पानांत डोकावत होती, चाळीस वर्षांच्या संसाराच्या हक्कानं. पहिलं पान कुणी टाकायचं याचा एक फार सुंदर नियम आहे. दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्यानं सुरुवात करायची. रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा.

राम माझ्याकडे होता. कृष्ण नातीकडे.

मी पान उचललं. नातीनं माझा हात धरला, उठून कठड्यापाशी गेली आणि बाहेर बघत राहिली. नरेंद्राच्या डोंगरामागे अजून उजेड होता. तलावाकाठच्या दिव्यांतले निम्मे लागले होते.

‘‘आजी, आत्ता दिवस आहे की रात्र?’’

सौ.नं मांडीखालचा कूर्म हळूच वर घेतला आणि म्हणाली, ‘‘दिवेलागण झाली. तू टाक.’’